श्रेष्ठतेची गणती आणि श्रेष्ठतेचा वाद

१

जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा प्रश्न चित्रपटांचे चाहते जितक्या हिरिरीने चर्चितात तितक्याच सातत्याने समीक्षाशास्त्राने तो टाळलेला आहे. फिल्म सोसायटीचा खेळ सुटल्यावर रस्त्यात उभे राहून, शेवटची लोकल चुकेपर्यंत घालावयाच्या वादाचा हा विषय, विद्यापीठीय चर्चासत्राचा नव्हे, अशी एक अलिखित विभागणी झालेली दिसते. या टाळाटाळीमागे दोन समजुती आहेत. प्रत्येक कलाकृती अनन्यसाधारण असते, म्हणून दोन कलाकृतींची तुलनाच संभवत नाही, ही एक. आणि मूल्यनिर्णय हा अखेर व्यक्तीच्या वा वर्गाच्या रुचीचा आविष्कार असतो, म्हणून त्याविषयी वाद घालणे व्यर्थ आहे, ही दुसरी. पहिली समजूत रूपवादी समीक्षेच्या मुशीतून आली, तर दुसरी १९७० नंतरच्या समाजशास्त्रीय आणि विरचनावादी विचारातून बळावली. दोहोंचा परिणाम मात्र एकच झाला. श्रेष्ठतेचा प्रश्न समीक्षकाने सोडून दिला आणि तो मतमोजणीच्या हाती गेला.

मतमोजणी हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने योजलेला नाही. लंडनहून निघणारे 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून प्रत्येकी दहा चित्रपटांची नावे मागवते आणि त्यांच्या आधारे श्रेष्ठ चित्रपटांची यादी सिद्ध करते. १९५२ साली व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत, म्हणजे सलग पाच वेळा, ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) त्या स्थानावर राहिला. २०१२ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने (१९५८) त्याला मागे टाकले. आणि २०२२ साली शांताल अकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दीलमान' (१९७५) हा, आधीच्या यादीत ३६ व्या क्रमांकावर असलेला चित्रपट, एकदम पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या स्थानी येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर चाहत्यांमध्ये जो वाद उसळला त्याचे स्वरूप तपासण्यासारखे आहे. त्या वादात श्रेष्ठता या संकल्पनेविषयीचे आपले सारे वैचारिक गोंधळ उघडे पडले, आणि गोंधळाबाहेर जाण्याची एक वाटही, बहुतेकांच्या नकळत, त्यातच सापडते.

२

प्रथम या गणतीची रीत पाहू. प्रत्येक सहभागी समीक्षक दहा नावे देतो. त्या दहांत क्रम मानला जात नाही. प्रत्येक नावाला एक मत. सर्वाधिक याद्यांत जे नाव येते ते पहिले. यावरून एक विचित्र शक्यता निष्पन्न होते. जो चित्रपट एकाही मतदात्याला सर्वश्रेष्ठ वाटत नाही तोही या पद्धतीने सर्वश्रेष्ठ ठरू शकतो. त्याला पुष्कळांच्या यादीत आठव्या-नवव्या जागी बसता आले की झाले. 'हा चित्रपट जगात श्रेष्ठ आहे' हे विधान येथे कोणाचेच विधान नसते. ते बेरजेतून उद्भवते, आणि बेरजेला कारणे विचारता येत नाहीत.

आकडे याहून बोलके आहेत. १९५२ साली ८५ समीक्षकांकडे विचारणा झाली, ६३ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांपैकी २५ जणांनी 'बायसिकल थीव्ज'चे नाव दिले. म्हणजे सुमारे ४० टक्के. २००२ साली १४५ समीक्षकांपैकी ४६ जणांच्या यादीत 'सिटिझन केन' होता. प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. २०१२ साली ८४६ सहभागींपैकी १९१ जणांनी 'व्हर्टिगो' निवडला. याचा अर्थ असा की तीन-चतुर्थांशांहून अधिक मतदात्यांनी जगातील 'सर्वश्रेष्ठ' चित्रपट आपल्या पहिल्या दहांतही घेतलेला नव्हता. २०२२ साली सहभागींची संख्या १,६३९ झाली. सभा मोठी होत गेली तशी संमती विरळ होत गेली. आणि तरीही निकालाची भाषा तीच राहिली, एकवचनी आणि निःसंदिग्ध.

चाहता ही भाषा खरी मानतो. 'पथेर पांचाली' (१९५५) १९९२ च्या यादीत संयुक्त सहाव्या स्थानी होता, २००२ साली पहिल्या दहांतून गेला, २०२२ साली ३५ वा आला. या चढउताराकडे आपल्याकडील अनेक रसिक सत्यजित राय यांच्या भाग्याचा आलेख म्हणून पाहतात. वस्तुतः या तीस वर्षांत त्या चित्रपटातील एकही चौकट बदललेली नाही. ज्या वर्षी तो सहावा आला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राय यांचे निधन झाले होते आणि त्याच्या थोडेच आधी त्यांना मानद ऑस्कर मिळाले होते, एवढे ध्यानात घेतले तरी क्रमांकाचा अर्थ किती सैल असतो हे उमगते.

३

येथे चित्रपटाच्या संहितेचाही प्रश्न उपस्थित होतो. साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदांची सवय असते. मात्र चित्रपटाचे क्रमांक लावणारे, आपण सर्वजण एकाच संहितेविषयी बोलत आहोत असे गृहीत धरतात. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांचा 'ग्रीड' (१९२४) १९५२ आणि १९६२ या दोन्ही वर्षी पहिल्या दहांत होता. स्ट्रोहाइम यांनी सिद्ध केलेला मूळ, कित्येक तासांचा चित्रपट निर्मितिसंस्थेने कापून काढला आणि तो कायमचा नष्ट झाला. मत देणाऱ्यांनी पाहिले ते अवशेष. मत दिले ते, निदान काही अंशी, त्या अवशेषांवरून मनात उभ्या राहिलेल्या चित्रपटाला. कार्ल ड्रायर यांच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची (१९२८) हकीकत उलट आहे. मूळ निगेटिव्ह आगीत गेल्यावर तो अनेक दशके निरनिराळ्या तडजोडीच्या आवृत्त्यांतून पाहिला गेला; १९८१ साली ऑस्लोतील एका मनोरुग्णालयात मूळ संकलनाची प्रत सापडली. १९५२ साली ज्या 'जोन'ला मते मिळाली आणि १९९२ साली जी 'जोन' संयुक्त सहावी आली, त्या दोन संहिता आहेत. 'गॉडफादर'चे दोन भाग २००२ साली एकत्र मोजले गेले, तेव्हा ते चौथे आले. २०१२ साली ते वेगळे मोजावयाचे ठरले आणि दोन्ही पहिल्या दहांतून बाहेर पडले. एक कलाकृती म्हणजे काय, हा प्रश्न एखाद्या नियमाच्या कलमाने कसा सुटतो याचे हे उदाहरण.

संहितेपेक्षाही निर्णायक ठरते ती उपलब्धता. 'व्हर्टिगो' हिचकॉकच्या ज्या पाच चित्रपटांपैकी एक होता, त्यांचे हक्क त्याने स्वतःकडे ठेवल्यामुळे ते दीर्घकाळ प्रदर्शनाबाहेर होते. १९८३-८४ च्या सुमारास ते पुन्हा दिसू लागले. १९८२ साली पहिल्या दहांत नुकताच शिरलेला हा चित्रपट पुढल्या दशकांत वर वर सरकला, त्यामागे केवळ रुचीचा प्रौढपणा होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

महाराष्ट्रातील चित्रपटरसिकांना याचा अनुभव अधिक निकटचा आहे. मुंबईत १९६८ साली सुरू झालेली प्रभात चित्र मंडळ ही संस्था किंवा तिच्यासारख्या अन्य फिल्म सोसायट्या यांना जे चित्रपट दाखवता येत ते परदेशी वकिलातींच्या सौजन्याने आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या (स्थापना १९६४) साह्याने. पूर्व युरोपातील चित्रपटांविषयी त्या पिढीतल्या मराठी प्रेक्षकाचे भान इतके तल्लख का होते, याचे अर्धे उत्तर वकिलातींच्या डब्यांमध्ये आहे. त्या प्रेक्षकाने जी क्रमवारी मनाशी धरली ती त्याच्या रुचीची होती, यात शंका नाही. पण ती रुची ज्या ताटावर जोपासली गेली ते ताट दुसऱ्यांनी वाढलेले होते.

हे सारे मान्य केले की मूल्यसापेक्षतावादी समीक्षक समाधानाने मान डोलावेल. बार्बरा हर्नस्टीन स्मिथ यांनी १९८८ साली मूल्याच्या आकस्मिकतेविषयी जे प्रतिपादन केले, किंवा पिएर बूर्द्यू यांनी १९७९ साली रुचीचे वर्गीय मूळ ज्या तपशिलाने उलगडून दाखवले, त्याला या इतिहासातून पुष्टीच मिळते. मग वाद कशासाठी? चाहते अजूनही का भांडतात? त्यांना समाजशास्त्र ठाऊक नसते म्हणून, हे उत्तर उर्मट आहे आणि अपुरेही.

४

कांटने १७९० साली या प्रश्नाची जी मांडणी केली तिच्यापेक्षा काटेकोर मांडणी अद्याप झालेली नाही. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) आणि 'कांटची सौंदर्यमीमांसा' (१९७७) या ग्रंथांमुळे ती मराठी वाचकाला परिचित आहे. 'हे मला आवडते' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन विधाने तर्कतः भिन्न आहेत. दुसरे विधान करणारा सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, परंतु ती संमती मिळवून देणारी सिद्धता त्याच्यापाशी नसते. यातूनच कांटने एक सूक्ष्म भेद केला. रुचीच्या बाबतीत पुराव्याने निकाल लावता येत नाही. वाद मात्र घालता येतो, कारण वाद घालणे याचा अर्थच मुळी एकमताची आशा धरणे. ज्याला वाटते की रुची ही ज्याची त्याची, तो वादात उतरणार नाही. रात्री अकरा वाजता फुटपाथवर 'केन' की 'व्हर्टिगो' म्हणून हमरीतुमरीवर येणारे दोघे कांटचा ग्रंथ न वाचता त्याची भूमिका जगत असतात.

परंतु सिद्धता नसताना वादात देतात ती कारणे कशा प्रकारची? अर्नोल्ड आयझेनबर्ग यांनी १९४९ सालच्या आपल्या निबंधात याचे जे उत्तर दिले ते चित्रपटाच्या संदर्भात विशेष उपयुक्त आहे. समीक्षकाचे कारण हे निष्कर्षाकडे नेणारे आधारविधान नसते. त्या कारणाचे काम ऐकणाऱ्याची नजर कलाकृतीतील एका जागेकडे वळवणे हे असते; आणि कारण पटले की नाही याचा निर्णय त्या जागी पुन्हा पाहिल्यानंतर, त्या पाहण्यातच होतो. 'केन'मधील खानावळीचा प्रसंग घ्या. आई मुलाला दूर पाठवण्याच्या कागदावर सही करते आहे, बाप कुरकुरतो आहे, आणि मागे, खिडकीच्या चौकटीत, तो मुलगा बर्फात खेळतो आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, सारख्याच स्पष्ट. ग्रेग टोलँडच्या खोल केंद्रीकरणाचे तांत्रिक कौतुक एवढ्याने संपत नाही. ज्याच्या आयुष्याचा सौदा चालला आहे तो चौकटीत असूनही सौद्याबाहेर आहे, हे कळण्यासाठी ती खिडकी दाखवून द्यावी लागते. एकदा दाखवून दिली की ती न दिसणे शक्य राहत नाही. आपल्या परंपरेत सहृदयाची जी कल्पना आहे ती या पाहण्याच्या क्षमतेशी निगडित आहे. सहृदय जन्मतो, असे आपण फार सहजपणे म्हणत आलो. पुष्कळदा तो वादातून घडतो.

या कसोटीवर २०२२ चा वाद निराशाजनक ठरतो. दिग्दर्शक आणि समीक्षक पॉल श्रेडर यांनी जाहीर आक्षेप घेतला. 'जान दीलमान' हा आपल्या आवडीचा, महत्त्वाचा चित्रपट आहे हे मान्य करून, तो एकाएकी पहिला येणे हे मतदारवर्गातील फेरफाराचे आणि राजकीय सोयीचे फलित आहे, असा त्यांचा रोख होता. चाहत्यांतील मोठ्या गटाने हाच सूर उचलला. विरुद्ध बाजूने उत्तर आले ते असे, की सत्तर वर्षे पुरुषांचीच यादी होती, तेव्हा कोणी राजकारण म्हटले नाही. दोन्ही पक्ष मतदारांविषयी बोलत होते. चित्रपटाविषयी दोघांपैकी फारसे कोणी बोलत नव्हते.

श्रेडर यांच्या बाबतीत हे अधिक खटकते. त्यांनीच २००६ साली चित्रपटांच्या प्रमाणभूत मालिकेविषयी एक दीर्घ निबंध लिहून सौंदर्य, अपूर्वता, रूप आणि आशय यांचे ऐक्य, परंपरा, पुनःपुन्हा पाहण्याची क्षमता, प्रेक्षकाची गुंतवणूक आणि नैतिकता असे सात निकष मांडले होते. निकष मांडण्याचे धैर्य ज्या थोड्यांनी दाखवले त्यांत ते होते. 'जान दीलमान' त्या निकषांना किती उतरतो, हे सांगण्याची संधी त्यांच्याइतकी कोणाला नव्हती. रूप आणि आशयाच्या ऐक्याचे याहून कठोर उदाहरण शोधून सापडणार नाही. पण आक्षेप झाला तो मोजणीवर.

५

तो वाद चित्रपटाविषयी झाला असता तर काय दिसले असते? या यादीचे पहिले आणि आजवरचे शेवटचे नाव, 'बायसिकल थीव्ज' आणि 'जान दीलमान', शेजारी ठेवून पाहिले तर बहुतेकांनी ज्याला खंड मानले तेथे एक सलग प्रश्न उभा राहतो.

'बायसिकल थीव्ज'च्या श्रेष्ठत्वाचे कारण आंद्रे बाझाँ यांनी सांगितले होते. त्यातील घटना वर्तमानपत्राच्या दोन ओळींची. युद्धोत्तर रोममधल्या एका कामगाराची सायकल चोरीला जाते आणि ती नसेल तर त्याचे काम जाणार असते. बापलेक दिवसभर ती शोधतात. परंतु शोधाच्या मध्येच पाऊस येतो आणि दोघे आडोशाला उभे राहतात, तेथे परकी भाषा बोलणाऱ्या धर्मविद्यार्थ्यांचा घोळका येऊन थांबतो. ऐन पाठलागात मुलाला लघवीला लागते. कथानकाला यांपैकी कशाचीच गरज नाही. आणि तरी त्यांच्यावाचून तो दिवस दिवस झाला नसता. बाझाँच्या मते येथे चित्रपटाने नाट्याच्या तर्काऐवजी घडण्याच्या तर्काचा स्वीकार केला. पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांचे स्वप्न याच्याही पुढे गेलेले होते. ज्याच्या बाबतीत काहीच घडत नाही अशा माणसाच्या आयुष्यातील सलग नव्वद मिनिटांचा चित्रपट करावा, असे त्यांना वाटे. 'उंबेर्तो डी'मध्ये (१९५२) त्याचे एक तुकड्याएवढे प्रत्यंतर आहे. पहाटे उठलेली मोलकरीण स्वयंपाकघरात वावरते, मुंग्या पाण्याने घालवते, बसून कॉफी दळते आणि पाय लांबवून पायाच्या टोकाने दार लोटते. बाझाँनी या प्रसंगाचे जे मोल केले ते सर्वश्रुत आहे.

आता 'जान दीलमान'. २०१ मिनिटे; ब्रुसेल्समधील एका विधवेच्या आयुष्यातील तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाचे अंथरूण घालते, बाजारहाट करते, खोलीतून बाहेर पडताना न चुकता दिवा मालवते. आणि रोज दुपारी एक पुरुष येतो, त्याच्याकडून घेतलेले पैसे जेवणाच्या टेबलावरील सूपच्या भांड्यात जातात. कॅमेरा समोर, स्थिर, किंचित खाली. चेहऱ्याजवळ तो जात नाही. पार्श्वसंगीत नाही. झावात्तिनींनी ज्याची इच्छा धरली ते येथे नव्वद मिनिटे ओलांडून गेले आहे. अकेरमान यांनी ते इटालियन नववास्तववादातून उचलले, असे सुचवावयाचे नाही. त्यांच्या घडणीत न्यूयॉर्कच्या प्रायोगिक चित्रपटांचा, विशेषतः मायकेल स्नो यांचा, वाटा त्यांनीच सांगितला आहे. येथे प्रश्न प्रभावाचा नाही. वेगळ्या वाटेने दोन कृती एकाच समस्येपाशी पोहोचतात, याला समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे.

आणि त्या समस्येपाशी पोहोचल्यावर त्या परस्परांना प्रश्न विचारू लागतात. दे सिका यांच्या चित्रपटात योगायोग बाहेरून येतो. पाऊस, गर्दी, चोर. अकेरमान यांच्या चित्रपटात बाहेरून काहीच येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचा पुरुष निघून गेल्यावर बटाटे जास्त शिजलेले आढळतात. सूपच्या भांड्यावर झाकण ठेवायचे राहते. तिसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी जागी होते, आणि त्या वाढीव वेळाचे काय करावे ते तिला समजेनासे होते. कॉफी बिघडते, पुन्हा केली तरी बिघडते. दीड तास ज्या क्रमाची नजरेला सवय लावलेली असते त्याच्यातील इतकी क्षुल्लक चूक प्रेक्षकाला भूकंपासारखी जाणवते. लांबी हे येथे सहनशक्तीची परीक्षा घेण्याचे साधन नाही. प्रमाण शिकवल्याखेरीज विचलन दिसत नाही, एवढाच त्या लांबीचा हिशेब आहे. 'कंटाळवाणा' हा ज्यांचा आक्षेप होता त्यांना उत्तर द्यावयाचे तर ते यादीच्या इतिहासाने देता येणार नाही. बटाट्यांपाशी नजर नेऊनच देता येईल.

अधिक महत्त्वाचा प्रश्न श्रमाचा. 'बायसिकल थीव्ज'ची करुणा कामावर उभी आहे. काम मिळाले, काम गेले. परंतु त्या चित्रपटाच्या आरंभी कामगाराची बायको मारिया पाण्याच्या बादल्या वाहून आणताना दिसते. सायकल सोडवण्यासाठी लग्नात आलेल्या चादरी तीच पलंगावरून ओढून काढते आणि गहाण टाकायला नेते. चोरीच्या संध्याकाळनंतर, रविवारच्या त्या दीर्घ शोधात, ती पडद्यावर येत नाही. बापलेक रोमभर हिंडतात. घरी काय चालले आहे हे चित्रपट विचारीत नाही. बादल्या कोणी उचलल्या, चुलीचे काय झाले, हा प्रश्न १९५२ च्या समीक्षकांनाही पडला नाही, आणि बाझाँसारख्या तीक्ष्ण वाचकालाही. 'जान दीलमान' पाहून झाल्यानंतर तो पडल्यावाचून राहत नाही. त्यामुळे 'बायसिकल थीव्ज' लहान होतो का? होत नाही. त्याच्या चौकटीची कड दिसू लागते, आणि कड दिसणे हे ज्ञान आहे.

उलट दिशेनेही हे खरे आहे. जानने शेवटी केलेला खून झावात्तिनींना रुचला नसता. 'काहीच घडत नाही' या प्रतिज्ञेशी तो विसंगत आहे. तीन तासांच्या दैनंदिनीनंतर कात्री उचलली जाते तेव्हा नाट्य मागच्या दाराने परत येते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. त्याला अकेरमान यांचे उत्तर शेवटच्या चौकटीत आहे. अंधारलेल्या खोलीत टेबलाशी जान बसली आहे, बाहेरच्या दिव्याची उघडझाप भिंतीवर पडते आहे, आणि कित्येक मिनिटे काही होत नाही. हे उत्तर पुरेसे आहे की नाही याविषयी जाणत्यांमध्ये मतभेद होतील. पण हा मतभेद फलदायी आहे. पहिला की छत्तिसावा, या मतभेदातून असे काही निष्पन्न होत नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो. अशी तुलना करण्यास यादीनेच निमित्त दिले. मग यादीला नावे का ठेवावीत? आक्षेप रास्त आहे. ह्यूमने १७५७ साली चांगल्या निर्णायकाची जी लक्षणे सांगितली त्यांत तुलनेचा सराव हे एक होते, आणि तुलना करण्यास काहीतरी शेजारी मांडावे लागते. शेजार लावून देणारी म्हणून यादीची उपयुक्तता नाकारता येत नाही. १९५२ च्या जानेवारीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, तेव्हा त्यात 'बायसिकल थीव्ज' होता. त्याच वर्षी लंडनच्या यादीत तो पहिला आला. पण बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला (१९५३) प्रेरणा मिळाली ती पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटातून. राय यांनी तर तो त्याआधीच, १९५० साली, लंडनमध्ये पाहिला होता. क्रमांकाने या दोघांना काही शिकवले नाही.

मराठीत या सवयीचा एक घरचा नमुना आहे. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, आणि तेव्हापासून 'जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांपैकी एक' हे बिरुद त्याच्या नावामागे लागले ते आजतागायत. ती क्रमवारी कोणी लावली, उरलेले दोन कोणते, कोणत्या कारणासाठी, हे विचारण्याची कोणाला गरज भासत नाही. बिरुदाने चित्रपटाची सोय केली ती एवढीच, की त्याच्याविषयी बोलणे थांबले. गीता कपूर यांनी संतप्रतिमेच्या सन्मुख मांडणीचा, कुमार शहानी यांनी प्रभातच्या संतपटांचा जो विचार केला तो इंग्रजीत. मराठी समीक्षेत त्याचे पडसाद क्षीण उमटले.

मारियाच्या बादल्या एकदा नजरेत भरल्या की 'संत तुकाराम'मधील जिजाई वेगळी दिसू लागते. गौरी यांनी उभी केलेली ही बाई तुकोबांच्या भक्तीतील अडथळा म्हणून, विनोदाची सोय म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. परंतु घरातली सारी कामे चौकटीत तिच्या हातांनी होतात; म्हैस तिची, चूल तिची, पोरांची भूक तिच्या माथी. शिवाजीमहाराजांनी पाठवलेला नजराणा परत करण्याचा मोठेपणा नवऱ्याला परवडतो, कारण उद्याची चिंता वाहणारे माणूस घरात आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन थेट पांडुरंगाच्या देवळात शिरते. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाला चित्रपट सन्मुख, स्थिर, दर्शनासारखा मांडतो. जिजाईला मात्र तो तिच्या कामाच्या वेगाने हलू देतो. एकाच चौकटीत दोन काळ नांदतात, भजनाचा आणि संसाराचा, आणि चमत्कार पहिल्याच्या बाजूने घडत असूनही चित्रपटाला विश्वासार्हता येते ती दुसऱ्यामुळे. दे सिका यांच्या बारा वर्षे आधी आणि अकेरमान यांच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, पुण्याच्या स्टुडिओत, नायकाच्या बायकोला चौकटीबाहेर जाऊ दिलेले नव्हते. विमान वैकुंठाला निघते तेव्हाही जिजाई खाली, घरापाशीच राहते. आणि कॅमेऱ्याने तोवर तिच्या घराला जो वेळ दिलेला असतो त्यामुळे ते मागे राहणे वैकुंठाइतकेच नजरेत भरते.